जनसंपर्क अधिकाऱ्याने काय शिकावे?

(माहिती व जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जनसंपर्काच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या वर्गात अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. निमंत्रण आले तेव्हा तो मलाही पडला होता. परंतु थोडा विचार केल्यावर लक्षात आले की, आपण ज्या वस्तूचा व्यवहार करता, त्या वस्तूकडे, म्हणजे माहितीकडे, आमच्या शास्त्राने फार काळ दुर्लक्ष केले आहे. माहिती सर्वांना सारखी आणि फुकट उपलब्ध असते, असे गृहीत धरून आमची जुनी पाठ्यपुस्तके लिहिली गेली. माहिती मिळविण्यासाठीही खर्च येतो, हे जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये मांडले. १९७० मध्ये जॉर्ज अॅकर्लॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन, विकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर अख्खा बाजारच कसा कोलमडू शकतो, हे दाखविले. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अॅकर्लॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना मिळाले, ते याच विषयातील कामासाठी.

हा सिद्धान्त आपल्या तालुक्याच्या कचेरीत आणून पाहा. एखाद्या योजनेची जाहिरात निघते. तीत अर्जासोबत जोडावयाच्या पाच कागदांपैकी चारांचाच उल्लेख असतो. पाचवा 'इत्यादी' या शब्दात सामावलेला असतो. अर्जदार खिडकीपाशी पोहोचल्यावर त्याला पाचव्या कागदाचा शोध लागतो. तो परत जातो, पुन्हा येतो. या एका हेलपाट्यात त्याची एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. असे दहा हजार अर्जदार असतील तर एका 'इत्यादी'ची किंमत दहा हजार दिवसांची मजुरी होते. ही रक्कम कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही, कारण ती शासनाच्या तिजोरीतून गेलेली नसते. शिवाय दुसऱ्यांदा न येणारे काहीजण असतातच. त्यात वृद्ध, विधवा, अपंग यांचे प्रमाण अधिक असणार, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. ज्यांच्यासाठी योजना आखली, तेच गळतात आणि वर्षअखेरीस 'अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही' असा शेरा मारला जातो. आपल्या व्यवसायातील कौशल्यवृद्धीचा विचार मी या हेलपाट्यापासून सुरू करते.

आपल्याकडे या व्यवसायाला आता बऱ्यापैकी इतिहास आहे. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली आणि म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासून प्रशिक्षण देत आहे. लेखन, छायाचित्रण, वृत्तपत्रांशी व्यवहार, अलीकडे समाजमाध्यमे यांचे शिक्षण आपल्याला या ना त्या मार्गाने मिळालेले असते. त्याविषयी मी काही सांगणे म्हणजे आगाऊपणा ठरेल. अभ्यासक्रमात सहसा नसलेल्या दोन-तीन गोष्टींविषयीच बोलते.

पहिली गोष्ट आकड्यांची. आणि येथे माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत संशोधन साहाय्यक होते. बाजारभावांच्या एका स्थानिक पाहणीत भाववाढीचा वेग आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला होता. वृत्तपत्रांसाठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या उत्साहाने शीर्षक दिले : 'महागाई निम्म्यावर'. दुसऱ्या दिवशी ते तसेच छापून आले. दुपारी कार्यालयातील शिपाई कात्रण हातात घेऊन आले आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "मॅडम, तूरडाळ अर्ध्या भावात कुठं मिळते, तेवढं सांगा. येताना घेऊन येतो." भाव चढतच होते, फक्त चढण्याचा वेग मंदावला होता. मला हा फरक पुरेपूर ठाऊक होता, परंतु तो माझ्या शीर्षकात नव्हता. संस्थेची विश्वासार्हता त्या दिवशी त्या गावात थोडी कमी झाली आणि ती भरून निघायला किती काळ लागला असेल, हे मोजण्याची सोय नाही.

म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाने अर्थशास्त्राची पदवी घ्यावी असे मी म्हणत नाही. परंतु निर्देशांक म्हणजे काय, आधारभूत वर्ष बदलले की तुलना का फसते, सरासरी आणि मध्यक यांत काय अंतर असते, चालू किमती आणि स्थिर किमती म्हणजे काय, एवढे तरी पक्के असले पाहिजे. महिना-दोन महिने रोज अर्धा तास दिला तर ते येते. अर्थसंकल्पाच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि ते एकाच वेळी हाती येत नाहीत. जाहीर झालेली तरतूद हाच खर्च समजून पत्रक काढले जाते, तेव्हा वर्षभराने सुधारित अंदाजात ती घटलेली दिसते आणि मग खुलासा करण्याची जबाबदारी पुन्हा आपल्यावरच येते. केंद्र शासनाने २००५ मध्ये फलनिष्पत्ती अर्थसंकल्पाचा पायंडा पाडला, तो खर्च झालेल्या पैशातून नेमके काय साधले हे सांगता यावे यासाठी. किती पत्रके छापली, किती भिंती रंगविल्या, किती बातम्यांची कात्रणे जमली, हा आपला खर्च झाला. किती माणसांना मुदत कळली आणि किती जण एकाच फेरीत अर्ज देऊन मोकळे झाले, ही फलनिष्पत्ती. आपल्या मासिक अहवालात पहिल्या प्रकारचे रकाने भरपूर असतात. दुसऱ्या प्रकारचा एखादा रकाना असलेला नमुना अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही; कोणाकडे असल्यास अवश्य दाखवावा.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. ही फार जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा प्रयोग मराठी मुलखातच झाला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रकल्प राबविला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट तयार करण्यात आले. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि गावात काय करता येईल ते ठरवीत. त्यांचे प्रश्न आणि अभिप्राय केंद्राकडे परत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रकल्पाचे मूल्यमापन केले. त्याचा अहवाल समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी लिहिला. श्रोतृमंडळ असलेल्या गावांची तुलना केवळ रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली होती. मंडळे नसलेल्या गावांत मात्र, रेडिओ असूनही, ती नगण्य होती.

या निष्कर्षावर जरा थांबावे असे मला वाटते. रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तोच होता. फरक पडला तो चर्चेमुळे आणि आपला प्रश्न कोणीतरी ऐकणार आहे या खात्रीमुळे. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा भव्य प्रयोग झाला. त्यातही प्रेक्षकांच्या अभ्यासासाठी संशोधक खेड्यांत जाऊन राहिले होते. तंत्र बदलत गेले. आज तर आपल्या हातातील दूरध्वनी रेडिओचे, टपालाचे आणि छापखान्याचे काम एकटाच करतो. पण गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर आपण पाठविलेल्या संदेशाखाली विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा कोणी नसेल, तर आपण १९५६ मधील 'केवळ रेडिओ असलेल्या' गावांच्या रांगेत जाऊन बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, इंटरनेट कधीतरी वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले असणार. तरीही संदेश 'गेला' म्हणजे घरातल्या बाईपर्यंत 'पोहोचला', असे धरून चालणे धोक्याचे आहे.

ऐकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलिओचे. २००२ मध्ये देशात सुमारे १,६०० बालकांना पोलिओ झाला आणि त्यातील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होती. 'दो बूंद जिंदगी की' ही घोषणा तोवर घराघरांत ठाऊक झाली होती. तरीही पश्चिम उत्तर प्रदेशातील काही वस्त्यांमध्ये दारे बंद होत होती. डोसामुळे मुले पुढे वंध्य होतील, अशी अफवा पसरली होती. पहिली प्रतिक्रिया स्वाभाविकच अशी झाली की, प्रचार वाढवा, अफवेचे खंडन करा. पण दारांपाशी उभे राहून ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले की, अफवा हे सारे कारण नव्हते. लोक विचारीत होते : मूल तापाने फणफणले तर येथे औषध मिळत नाही, गटार तुंबले तर कोणी फिरकत नाही, मग हे थेंब तेवढे पुन्हा पुन्हा दारात का आणता? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. माणूस समोरच्याच्या आजवरच्या वागणुकीवरून त्याच्या हेतूचा अंदाज बांधतो. आम्ही अर्थशास्त्रज्ञ यालाच संकेतन म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो.

मग त्याच वस्तीतील स्त्रियांना संपर्काचे काम देण्यात आले. त्यांच्याकडे घरनिहाय नोंदवह्या असत. कोणत्या घरात लहान मूल आहे, कोणी नकार दिला आणि का दिला, याच्या नोंदी त्यात होत. धार्मिक नेते आणि विद्यापीठांतील मंडळी सोबत आली. आरोग्य शिबिरे भरू लागली. २००९ नंतर उत्तर प्रदेश आणि बिहारमधील सर्वाधिक जोखमीच्या १०७ विकास गटांत पोलिओच्या डोसाबरोबर स्वच्छता, अतिसारावरील उपचार, स्तनपान आणि नियमित लसीकरण यांचा एकत्रित कार्यक्रम हाती घेण्यात आला. २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एक. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेली ती बालिका देशातील अखेरची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. याचे सगळे श्रेय संवादाला देण्याचा मोह आपल्या व्यवसायातील मंडळींना होतो, तो आवरावा. २०१० च्या आरंभी दोन प्रकारच्या विषाणूंवर एकत्रित काम करणारी सुधारित लस आली, तिचा वाटा मोठा होता. परंतु ती लस घेण्यासाठी दार उघडले गेले, हे त्या नोंदवह्यांमुळे घडले.

त्या नोंदवहीसारखी एक वही आपण प्रत्येकाने ठेवावी, असे मी सुचवीन. लोकांनी खिडकीवर, दूरध्वनीवर, सभेत विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत आणि आठवड्यातून एकदा त्यांतील पाच-सहा प्रश्नांचे एक पान आपल्या विभागप्रमुखांपुढे ठेवावे. आपली नेमणूक वरून खाली माहिती नेण्यासाठी झाली आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. खालून वर माहिती नेणे नेमणुकीच्या आदेशात नसते आणि ते नेहमीच सुखाचे नसते. 'चांगली बातमी द्या' असे सांगणारे वरिष्ठ अनेकांना भेटले असतील. अशा वेळी केवळ मत न मांडता वहीतील पान पुढे केले की बोलणे सोपे होते. तक्रार आपली राहत नाही, नोंद होते.

येथे एक सावधगिरी. कोणतीही योजना अयशस्वी ठरली की 'जनजागृतीचा अभाव' हे निदान सर्वांत स्वस्त पडते. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेसह केलेला लसीकरणाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काहीच वेगळे केले नाही, तेथे पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती. जेथे ठरलेल्या दिवशी हमखास शिबिर भरू लागले, तेथे १८ टक्के. आणि जेथे शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला किलोभर डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या, तेथे ३९ टक्के. आईबापांना लसीचे महत्त्व पटवून देणाऱ्या भाषणांची तेथे मुख्य उणीव नव्हती. परिचारिका हजर असेल याची खात्री नव्हती आणि तो दिवस मजुरीविना जाणे परवडत नव्हते. सेवा नसेल तर तिची जाहिरात करून उलट नुकसान होते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी मात्र जवळपास दहा लाख लोक किनाऱ्यावरून हलले आणि मृतांचा आकडा काही डझनांपुरता राहिला. 'घर सोडा' या सूचनेपाठीमागे या वेळी जायला निवारे होते.

जाता जाता, उदयपूरचेच आकडे पत्रकात किती तऱ्हांनी लिहिता येतील पाहा. ६ वरून ३९ म्हणजे ३३ टक्केबिंदूंची वाढ. तीच वाढ ५५० टक्के म्हणूनही सांगता येते. आणि इतके करूनही शंभरातील ६१ बालके अपूर्णच राहिली, हेही तितकेच खरे आहे. तिन्ही वाक्ये अचूक आहेत. कोणते निवडायचे, यात आपल्या व्यवसायाची नीती आहे. निदान पहिले आणि तिसरे एकत्र लिहावे, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार अधिनियम संपूर्णतः अमलात आला. कलम ४ नुसार कोणी मागण्यापूर्वीच सतरा प्रकारची माहिती प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक झाले. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संवादाचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा. माझ्या दृष्टीने आपल्या व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या क्वचितच सापडेल आणि ती अधिनियमातच लिहिलेली आहे! या कायद्याच्या मागे राजस्थानातील जनसुनावण्या होत्या. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. तेथे हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचण्यात आली. त्यासाठी ना कलात्मक मांडणी लागली, ना घोषवाक्य. आपले नाव, आपण न केलेल्या कामापुढे, आपल्याच गावात ऐकू आले, एवढे पुरेसे होते. २००६ मध्ये ग्रामीण रोजगार हमी कायदा पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा सामाजिक अंकेक्षणाची तरतूद त्यात आली, ती याच अनुभवातून.

'स्थानिक भाषा' या शब्दाचाही नीट अर्थ लावला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा या देशात आहेत. भिली बोलणारे एक कोटीहून अधिक, गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख. यांपैकी कोणतीही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. मेळघाटात किंवा बस्तरात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याने तेथील भाषेतील दोनशे शब्द शिकले, तर ते त्याच्या कारकिर्दीतील कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच मोलाचे ठरतील. आजकाल इंग्रजी मजकूर यंत्राकडे दिला की क्षणात मराठी होऊन येतो. मीही ते वापरते. पण तलाठी प्रत्यक्षात कोणता उतारा मागतो, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते खिडकीच्या अलीकडे उभे राहिल्यावरच कळते. महिन्यातून एक दिवस आपण अर्जदाराच्या बाजूने रांगेत उभे राहावे, ही सूचना मी प्रत्येक वर्गात करते आणि प्रत्येक वर्गात ती हसण्यावारी नेली जाते. आजही काहीजण हसले.

वेळ संपत आला आहे. आपणा प्रत्येकापुढे एक कागद ठेवला आहे. त्यावर एकच वाक्य आहे : 'इच्छुक पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह विहित मुदतीत संबंधित कार्यालयात सादर करावेत.' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. यात नमुना कोठे मिळतो, सक्षम प्राधिकारी कोण, मुदत कोणत्या तारखेपर्यंत आणि कार्यालय कोणते, यांपैकी काहीही नाही. पाठपोट कागदावर योजनेचा मूळ शासन निर्णय दिला आहे. त्यावरून दुपारच्या सत्रात प्रत्येकाने ही सूचना नव्याने लिहावयाची आहे. येथील उपाहारगृहात काम करणाऱ्या दोन भगिनींनी चार वाजता अर्धा तास देण्याचे कबूल केले आहे. आपण लिहिलेले त्यांना वाचून दाखवायचे आणि त्यांनी किती वेळा 'म्हणजे काय?' असे विचारले, ते समासात मांडायचे. तत्पूर्वी काही प्रश्न असतील तर आता घेऊ.